हिरड्या वर चढल्यात, डॉक्टर ग्राफ्ट करा म्हणतात, अजून काय पर्याय आहेत?

तुमच्या वरच्या सुळ्यांच्या हिरड्या वर चढल्यात, गार पाणी लागलं की कळ जाते, हे वाचून माझंच वाटलं. मी डॉक्टर नाही, दोन वर्षांपूर्वी एका सुळ्याचं ग्राफ्ट करून घेतलंय, म्हणजे टाळूचा तुकडा काढून उघड्या मुळावर लावलाय, एवढंच.

गेलेली हिरडी पेस्टने किंवा तेलाच्या मसाजने परत येत नाही, मी सहा महिने घालवले त्यात. पण ती गेली का ते आधी शोधा. मी भांडी घासल्यासारखे दात घासायचो, ते कारण निघालं. रक्त किंवा पू येत असेल तर आधी खोल क्लीनिंग करून सूज उतरवावी लागते, सुजलेल्या हिरडीवर ग्राफ्ट करत नाहीत.

आणि एक्स-रे समोर ठेवून विचारा की दोन दातांच्या मधलं हाड शाबूत आहे का. असेल तर उघडं मूळ पूर्ण झाकलं जाऊ शकतं, झिजलं असेल तर थोडंफारच, मग ऑपरेशनचं नाव काहीही असो.

माझं कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट होतं, म्हणजे टाळूची वरची कातडी झडपेसारखी उघडून आतला पातळ थर काढतात, तो मुळावर ठेवतात आणि दाताची हिरडी त्यावर ओढून शिवतात, रंग छान जुळतो. फ्री ग्राफ्टमध्ये टाळूची वरची कातडीच लावतात, जास्त करून खालच्या पुढच्या दातांना, मजबूत होतं पण ठिगळासारखं फिकट दिसतं. शेजारची हिरडी जाड असेल तर तीच बाजूला सरकवतात, मग टाळूला हातच लावायला नको. पिनहोलमध्ये बारीक छिद्रातून हिरडी सैल करून खाली ओढतात, टाके नसतात, पण हिरडी मुळातच पातळ असेल तर माझ्या मते टाळूचाच तुकडा बरा. फ्लॅप सर्जरी वेगळी हां, ती खोल पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल फट, साफ करायला असते, आणि त्यानंतर सूज उतरून दात उलट जास्त लांब दिसू शकतात!

दुखणं म्हणाल तर सुळ्याचं काहीच नाही, टाळूने मात्र आठवडाभर रडवलं, गरम काही तोंडात घेववत नव्हतं. ओठ उचलून बघू नका सांगितलेलं, मी तिसऱ्या दिवशी आरशात बघितलंच आणि बोलणी खाल्ली, कारण सुरुवातीला त्या तुकड्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात, तो हलला तर गेला. सिगारेटनेही तेच, रक्तपुरवठा कमी पडतो. दोन आठवडे तिथे ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या, त्याने दातांवर तपकिरी डाग पडले ते नंतर क्लीनिंगला निघाले.

दुसऱ्या सुळ्याची हिरडी पण १ मिमी गेलीये, पण तिथे कळ येत नाही म्हणून डॉक्टरांनी हात लावला नाही, दर सहा महिन्यांनी मोजतात आणि फोटो काढून ठेवतात. सॉफ्ट ब्रश घेतल्यापासून अजून तेवढीच आहे.