सिनॅप्टिकमध्ये स्वतःच्या कॅटेगरी बनवता येतात का?

तुम्ही विचारलंय की दादरच्या क्लासमधल्या उबंटू मशीनवर पोस्टर डिझाइन आणि रेकॉर्डिंगची सगळी पॅकेजेस (म्हणजे इन्स्टॉल करायची सॉफ्टवेअर) एकाच कॅटेगरीत कशी आणायची. सरळ आणता येत नाहीत, कारण सिनॅप्टिकमध्ये, म्हणजे पॅकेजेस टाकण्या-काढण्याच्या टूलमध्ये, डावीकडे जे सेक्शन दिसतात ते पॅकेज बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असतात आणि एका पॅकेजला एकच सेक्शन मिळतो, म्हणून गिम्प आणि इंकस्केप ग्राफिक्समध्ये आणि ऑडॅसिटी साउंडमध्ये, तुमचं काम एकच असलं तरी.

फक्त बघण्यापुरतं हवं असेल तर सेटिंग्जमध्ये फिल्टर्स आहेत, तिथे स्वतःचा फिल्टर बनवा.

पण क्लासमध्ये बऱ्याच मशीन असतील ना, मग मी तर मेटापॅकेजच करा म्हणेन. म्हणजे आत काहीच नसलेलं पॅकेज, फक्त बाकीच्यांची यादी. इक्विव्ज नावाचं टूल टाका, ते टेम्प्लेट फाइल देतं, त्यात पॅकेजची नावं भरा, बिल्ड केलं की डेब फाइल (उबंटूची इन्स्टॉल करायची फाइल) तयार, तीच सगळ्या मशीनवर इन्स्टॉल करायची. एक गोष्ट नक्की पाळा, नावं डिपेंड्सऐवजी (म्हणजे असायलाच हवीत अशी) रेकमेंड्सच्या (असली तर बरी अशी) ओळीत लिहा, नाहीतर उद्या कोणी एकटं इंकस्केप काढलं तर अख्खं मेटापॅकेजही त्यासोबत निघून जाईल आणि पुढच्या ऑटोरिमूव्हला (नको झालेली पॅकेजेस आपोआप काढणारी कमांड) बाकीचीही साफ होतील. शिकणाऱ्या मुलांच्या मशीनवर हे होतंच हो.

डेबियनवाल्यांनी एका पॅकेजला अनेक टॅग देण्यासाठी डेबटॅग्ज काढलं होतं, कल्पना मला फार आवडते, पण तुमच्या कामाला मेटापॅकेजच बरं.