वाचकांचे प्रश्न : न दुखणारा चट्टा

प्रश्न : माझ्या सासूबाई साठीच्या आहेत. त्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या आणि आजही त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला महिन्याभरापासून पांढरा चट्टा आहे. तो दुखत नाही, म्हणून त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, असे शेजारच्या बायका सांगतात. काय करावे?
— एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : चट्टा दुखत नाही, हे निश्चिंत राहण्याचे कारण नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही आणि दुखू लागेपर्यंत थांबलेले रुग्ण अनेकदा जबडा किंवा मानेतील गाठींपर्यंत रोग पोहोचल्यावर डॉक्टरांकडे येतात. म्हणून वेदनेपेक्षा दिवस मोजावेत: तोंडातील जखम, गाठ, पांढरा किंवा लाल चट्टा दोन ते तीन आठवड्यांत गेला नाही, तर तो दाखवायलाच हवा. आपल्या सासूबाईंच्या बाबतीत ही मुदत उलटून गेली आहे.

असा प्रत्येक पांढरा चट्टा कर्करोगाचा नसतो, किंबहुना बहुतेक नसतात. मात्र कोणता चट्टा पुढे बदलेल हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही, आणि चट्ट्यात लाल भाग असेल तर धोका अधिक असतो. त्यासाठीच जागा बधिर करून लहानसा तुकडा काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या तपासणीने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. रोग असलाच तर तो वाढतो तपासणी टाळण्यात गेलेल्या महिन्यांमुळे. वेळेवर सापडलेल्या रोगात पुष्कळदा एकट्या शस्त्रक्रियेने भागते; उशीर झाल्यास जबड्याचा भाग काढणे, किरणोपचार आणि औषधोपचार असे सारेच करावे लागू शकते.

विड्या वळण्याला येथे दोष देण्याची घाई नको. तोंडाच्या दृष्टीने खरी अडचण मिश्रीची आहे. ती दात घासण्याचे साधन मानली जात असल्याने ‘मी तंबाखू खात नाही’ असे सांगणाऱ्या कित्येक स्त्रिया ती दिवसातून अनेकदा हिरड्यांना चोळतात. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच आहे. ‘लावली नाही तर सकाळी पोट साफ होत नाही’ ही तक्रारही सवयीचीच खूण असते. सासूबाईंना प्रथम शासकीय सर्वोपचार रुग्णालयात, अर्थात आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, न्यावे; पुढील उपचारांची गरज भासल्यास जिल्ह्यातच बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे.

प्रश्न : मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो. झोप येऊ नये म्हणून मावा खात असे. वर्षापूर्वी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो. तरीही शेंगाची चटणी तोंडाला झोंबते आणि घास मोठा घेता येत नाही.
— एक कामगार, अक्कलकोट रस्ता

उत्तर : तंबाखू सोडली हे उत्तमच केले, परंतु सुपारी निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी साधी सुपारी टपरीवर उघड मिळते, त्यामुळे तिच्याविषयी संशय येत नाही. तिखट झोंबणे आणि तोंड कमी उघडणे ही तोंडातील अस्तर ताठर होत चालल्याची लक्षणे असू शकतात. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये उभी जातात का, ते पाहावे. जात नसतील तर या आठवड्यातच दंतवैद्यांना दाखवावे. आलेला ताठरपणा सहसा पूर्णपणे जात नाही, पण सुपारी आजच थांबवली तर तो वाढण्याचा वेग रोखण्याची शक्यता राहते, आणि उपचार व तोंडाचे व्यायाम यांनी काही फरक पडतो.

रात्रपाळीत तल्लफ येईल तेव्हा हाताशी बडीशेप किंवा भाजलेले फुटाणे ठेवावेत. मात्र तिखट-मीठ लावलेले नकोत, ते झोंबतील. तंबाखू व सुपारी सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सवय सुटली तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने तोंड दाखवत राहावे, कारण या आजारात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो.