१९७८ च्या विधानसभा निवडणुकीने महाराष्ट्राचे पक्षीय राजकारण कसे बदलले? आजच्या पक्षफुटीची मुळे तिथे आहेत का?

१९७८ चा विषय निघाला की चर्चा थेट जुलै महिन्यावर जाते. शरद पवार वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले, सरकार कोसळले, पुरोगामी लोकशाही दलाचे म्हणजे पुलोदचे सरकार आले, आणि मग पवारांनी वसंतदादांच्या पाठीत खुपसला असे म्हणतात तो सुप्रसिद्ध खंजीर. तुमच्या प्रश्नाचा रोखही तिकडेच दिसतो. माझे मत वेगळे आहे आणि ते मी आमच्या घरात वर्षानुवर्षे मांडत आलो आहे. महाराष्ट्राच्या पक्षीय राजकारणाला जे वळण लागले ते मार्च १९७८ मध्ये लागले. जुलैमध्ये फक्त त्याचे फळ दिसले.

निकाल तुम्हाला ठाऊक असेल, तरी आकडे समोर असलेले बरे. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, ब्रह्मानंद रेड्डींच्या अध्यक्षतेखालच्या रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा गांधींच्या इंदिरा काँग्रेसला ६२, शेतकरी कामगार पक्षाला म्हणजे शेकापला १३, मार्क्सवादी कम्युनिस्टांना ९ आणि अपक्षांना २८ जागा मिळाल्या. बहुमताला १४५ आमदार लागत होते आणि त्याच्या जवळपासही कोणी नव्हते. ज्या राज्यात १९६२ साली काँग्रेसने २६४ पैकी २१५ आणि १९७२ साली २७० पैकी २२२ जागा घेतल्या होत्या, तिथे हा निकाल लागला. आणीबाणीचा राग १९७७ च्या लोकसभा निवडणुकीतच दिसला होता. राज्यातील ४८ पैकी केवळ २० जागा काँग्रेसकडे राहिल्या होत्या. त्यानंतर शंकरराव चव्हाणांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, वसंतदादा आले, आणि जानेवारी १९७८ मध्ये पक्षच दुभंगला. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा आणि पवार रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले, तर राज्यात इंदिरा काँग्रेसची धुरा नाशिकराव तिरपुड्यांनी उचलली. निवडणूक महिनाभरावर आली होती.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन होते आणि वसंतदादांच्या शब्दाबाहेर नव्हते. थोरले चुलते, तात्या, इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. त्यांचे म्हणणे साधे होते: बाई सत्तेवर होत्या तेव्हा त्यांच्या नावावर मते मागितली, आता त्या पडल्या म्हणून त्यांना सोडणे हे माणुसकीला धरून नाही. आबांचे म्हणणे असे की आणीबाणीचे खापर आपण आपल्या डोक्यावर का घ्यायचे, आणि ज्या माणसाने जिल्ह्यात सहकार उभा केला त्याला ऐन वेळी एकटे कसे पाडायचे. दोघांचेही म्हणणे प्रामाणिक होते, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो आणि सुट्टीच्या दिवशी गावी येऊन आबांच्या बाजूने मतदारांच्या चिठ्ठ्या लिहीत असे.

गाय-वासराचे जुने चिन्ह इंदिरा गटाला मिळाले नाही, हाताचा पंजा मिळाला. नवे चिन्ह इतक्या थोड्या दिवसांत लोकांपर्यंत कसे पोहोचवणार, असे आमच्या बाजूचे म्हणत असत. पण ते चिन्ह रंगवायला रंगारीही लागत नव्हता. तात्यांच्या मुलांनी बादलीत काव कालवली, तिच्यात आपलेच तळवे बुडवले आणि एका रात्रीत गावातल्या भिंती पंजांनी भरून टाकल्या. आमच्या गोठ्याची भिंतही सुटली नाही. आबांनी सकाळी तिच्यावर चुन्याचा हात मारून घेतला, पण चुना वाळला तसे ते तांबडे पंजे खालून पुन्हा दिसू लागले. त्यावरून दोघा भावांची भर रस्त्यात बाचाबाची झाली. विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळ्या आजोबांच्या काळापासून तोंडी ठरलेल्या होत्या, त्या आता कागदावर लिहून मागण्यात आल्या. तात्यांचे आमच्या सोप्यात येऊन बसणे बंद झाले. मतदान होईपर्यंत दोन्ही घरच्या बायकासुद्धा एकमेकींशी जपून बोलू लागल्या होत्या.

निकाल लागला आणि मार्चमध्ये दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार बनवले. वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रातले ते पहिले आघाडी सरकार, आणि उपमुख्यमंत्री हे पदही राज्यात तेव्हाच पहिल्यांदा आले. काही दिवसांनी तालुक्याचे एक पुढारी जीपमधून गावात आले, पेढे वाटले आणि म्हणाले की आता दोन्ही काँग्रेस एक आहेत, तेव्हा सत्काराच्या व्यासपीठावर दोन्ही भावांनी शेजारी शेजारी बसावे. आबांनी त्यांना सर्वांदेखत विचारले, ‘मग आम्ही भांडलो कशासाठी?’ पुढारी म्हणाले, ‘चेअरमन, राजकारणात हे चालायचंच.’ आबा सत्काराला गेले नाहीत. तात्याही गेले नाहीत. समेट मुंबईत झाला होता. विहिरीवरचा तंटा मात्र तसाच राहिला आणि तो मिटायला पुढे फार काळ गेला.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की तुमच्या प्रश्नातला ‘पक्षीय राजकारण’ हा शब्द मी आमदारांच्या हिशेबापुरता घेत नाही. पक्ष म्हणजे गावोगावचे आबा आणि तात्या. फेब्रुवारीत त्यांना सांगितले गेले की समोरचा पक्ष काँग्रेसच नव्हे, आणि मार्चमध्ये सांगितले गेले की तो आपलाच आहे. ज्या कार्यकर्त्याने हे एकदा अनुभवले त्याने पुढे पक्षावर जीव टाकणे सोडले. तो सोसायटी धरून बसला, जिल्हा बँक आणि साखर कारखाना धरून बसला, आपल्या तालुक्याचा माणूस ज्या पक्षात जाईल त्या पक्षात जाऊ लागला. पुढच्या काळात एकेका नेत्यामागे अख्खे तालुके पक्ष बदलताना दिसतात, त्याचा उगम इथे आहे. लोक त्याला कार्यकर्त्याचा संधिसाधूपणा म्हणतात, तेव्हा मला राग येतो. संधी साधली ती वरच्यांनी. खालच्याने फक्त धडा घेतला.

आता जुलै. तिरपुडे सरकारात बसून यशवंतराव आणि वसंतदादा यांच्यावर उघड टीका करत होते आणि दोन्ही काँग्रेसचे रोजचे जमेनासे झाले होते, हे सर्वज्ञात आहे. पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके आणि दत्ता मेघे मंत्रिमंडळातून बाहेर पडले, त्यांच्या मागे आमदारांचा एक गट आला आणि १८ जुलैला पवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वय ३७. त्या मंत्रिमंडळात जनता पक्षातले जुने समाजवादी होते, उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी यांच्यासारखे पूर्वीचे जनसंघीय होते, शेकापचे एन. डी. पाटील होते आणि पूर्वी मुख्यमंत्री राहिलेले शंकरराव चव्हाणही होते. विरोधी पक्षांनी या सरकारातून काय घेतले, याचा विचार फार थोडे लोक करतात. ९९ आमदारांचा सर्वांत मोठा पक्ष सत्तेत आला तो एका काँग्रेसवाल्याला मुख्यमंत्री करून. काँग्रेसला मतदानात हरवण्यापेक्षा निकालानंतर तिच्यात फूट पाडणे सोपे, हा समज विरोधकांत तेव्हाच पक्का झाला. समाजवादी आणि शेकाप यांचे स्वतःचे बळ त्यानंतर वाढले नाही, उलट ओसरत गेले. जनसंघाच्या लोकांना मात्र राज्याचा कारभार पहिल्यांदा आतून पाहायला मिळाला. ते १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष म्हणून वेगळे झाले आणि त्यांना १४ जागा मिळाल्या. तिथून पुढचा त्यांचा प्रवास आपण पाहतोच आहोत.

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पुणे जिल्ह्यातले आणि पवारांचे कडवे समर्थक. आमच्याकडे लग्नकार्य असो वा दिवाळी, जेवणे झाली की हा वाद निघतोच. आबा हयात होते तोवर ते खंजीर या शब्दापलीकडे जात नसत, आणि दाजींचे उत्तर ठरलेले असे: जनतेने सर्वांत जास्त आमदार जनता पक्षाचे निवडून दिले, त्या पक्षाला सत्तेत आणून पवारांनी कौलाचा मानच राखला, यात विश्वासघात कुठला? मला दोघांचेही पटले नाही. आबांना मी म्हणत असे की जे सरकारच कौलाला वळसा घालून बनले त्याला पाडणाऱ्याने कौल मोडला असे कसे म्हणता येईल. आणि दाजींना आजही विचारतो, की कौल जर इतका स्पष्ट होता तर पवारांनी मार्चमध्ये दोन्ही काँग्रेसच्या त्याच सरकारात मंत्रिपदाची शपथ का घेतली? कौल मार्चमध्ये एक आणि जुलैमध्ये दुसरा असतो का? दाजी यावर ‘परिस्थिती’ हा शब्द वापरतात. आम्ही कसेबसे त्या परिस्थितीतच राहत होतो, आमच्या विहिरीच्या पाळ्या त्याच परिस्थितीने तोडल्या, त्यामुळे तो शब्द मला पुरेसा वाटत नाही. आमदार आधी मते मागतो, मग परिस्थिती पाहतो. मतदाराला मात्र मत परत घेता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे आजच्या फुटीच्या मुळांचे, उत्तर अर्धे हो आणि अर्धे नाही असे आहे. सवय तिथली आहे, पद्धत तिथली नाही. १९७८ मध्ये पक्षांतरबंदी कायदा नव्हता, त्यामुळे बाहेर पडणाऱ्याला आपणच मूळ पक्ष आहोत असे सिद्ध करण्याची गरज नव्हती. पवारांच्या गटाला समांतर काँग्रेस म्हणत आणि त्याने कोणाचे काही अडत नसे. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने तो कायदा आला, त्यात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मोकळीक होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती काढून घेतली आणि दोन तृतीयांश आमदारांसह विलीनीकरणाचा मार्ग तेवढा ठेवला. म्हणून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादीत फूट पडली तेव्हा भांडण पक्षाच्या नावाचे आणि धनुष्यबाण व घड्याळ या चिन्हांचे झाले. १९७८ ची फूट घर सोडून जाण्याची होती. आजची फूट घरात राहून सातबारा आपल्या नावावर करून घेण्याची आहे. या दोन्हींना एकाच मापाने मोजणारे लेख वाचले की लेखकाने कायदा वाचलेला नाही, हे लगेच कळते.

परत येण्याचा रस्ता मात्र तेव्हाच तयार झाला. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने पुलोद सरकार बरखास्त केले आणि त्यानंतरच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने १८६ जागा घेतल्या. वसंतदादा इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. यशवंतरावही परतले. पवार १९८६ मध्ये राजीव गांधींच्या उपस्थितीत औरंगाबादला काँग्रेसमध्ये आले आणि १९८८ मध्ये मुख्यमंत्री झाले. बाहेर जाण्याची किंमत कोणालाच कायमची मोजावी लागली नाही. १९९९ मध्ये राष्ट्रवादी वेगळी झाली, काँग्रेसच्या विरोधात लढली, काँग्रेसचे ७५ आणि राष्ट्रवादीचे ५८ आमदार निवडून आले आणि निकालानंतर दोघे एकत्र सत्तेत बसले. त्या वेळी लोकांना जो धक्का बसला तो मला बसला नाही. हे सारे मी मार्च १९७८ मध्ये आमच्या गावात पाहिले होते. एकमेकांविरुद्ध लढलेल्यांचे सरकार मतदानानंतर २०१९ मध्येही आलेच.

तुम्ही हा विषय अभ्यासासाठी विचारत असाल तर माझे सांगणे आहे की जुलैपासून सुरुवात करू नका. फेब्रुवारी आणि मार्चची वृत्तपत्रे काढा; दोन्ही काँग्रेसच्या उमेदवारांनी एकमेकांविषयी प्रचारात काय म्हटले ते टिपून घ्या आणि मग शपथविधीची बातमी वाचा. त्यानंतर खंजीर कोणी कोणाच्या पाठीत खुपसला, हा प्रश्न तुम्हाला फार छोटा वाटेल. आणि जमल्यास ज्यांनी तेव्हा बूथवर काम केले अशा माणसांना विचारा, कारण नेत्यांच्या आठवणींत मार्च महिना दोन ओळींत संपतो.

काही गोष्टी राहिल्या त्या सांगतो. मी जे लिहिले ते दक्षिण महाराष्ट्रातून दिसलेले आहे. विदर्भात इंदिरा काँग्रेसने मोठे यश मिळवले होते, आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले तेव्हा तिकडच्या मतदाराला फसवले गेल्यासारखे वाटले नसेल. आपल्या भागाला मुंबईत वजन आले असेच वाटले असेल. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या नसत्या तर जनता पक्षाला सरकार टिकवता आले असते का, हा प्रश्नही खरा आहे, आणि राष्ट्रपती राजवट लागली असती तर तिचे भोग शेतकऱ्यालाच भोगावे लागले असते, असे आबा म्हणत. शिवसेनेचा त्या निवडणुकीत एकही आमदार आला नाही, आणि त्या पराभवातून सेना कशी बाहेर आली हा तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग आहे. त्याचे उत्तर मुंबईतल्या कोणी द्यावे.