पणजीजवळ परवडणारं, वर्दळीचं आणि समुद्राला धरून घर हवं असेल तर

तुमचा प्रश्न असा: दोघांपैकी एकाची नोकरी पणजीत पाटोला, म्हणजे तिथल्या कार्यालयांच्या भागात, दुसऱ्याचं काम घरून, भाडं 22 हजारांच्या आत, आजूबाजूला माणसांची जाग हवी आणि संध्याकाळी किनारा गाठता यायला हवा. माझं उत्तर: ताळगावच्या आतल्या गल्ल्या आणि करंझाळ्याचा रस्त्याच्या आतला भाग इथून शोध सुरू करा. तिथे जमलं नाही तर सांताक्रूझ, मग मेरशी. कांदोळी-कळंगुट या बजेटसाठी यादीतूनच काढा.

कळंगुटच्या पट्ट्याचा मोह बाहेरून येणाऱ्या सगळ्यांनाच होतो. पण तिथली गर्दी हंगामाची असते. 31 मेनंतर शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती हॉटेलं, उतरवली जातात आणि पावसात अर्धी दुकानं बंद असतात. मोठी अडचण घरमालकाची: जून ते सप्टेंबर स्वस्तात फ्लॅट देतात आणि ऑक्टोबर उजाडला की ‘आमचे पाहुणे येणार’ म्हणून खाली करायला सांगतात, कारण नाताळच्या दिवसांत पर्यटकाकडून आठवड्याला मिळणारे पैसे तुमच्या महिन्याच्या भाड्याला भारी पडतात. त्यात रोज मांडवी नदी ओलांडून यायचं. पर्वरीत हायवेवर उड्डाणपुलाचं काम चालू असेल तोवर त्या बाजूने ऑफिसची वेळ गाठणं आणखी कठीण.

फोंतेन्हास आणि मळा हे पणजीतले जुने भाग फिरायला सुंदर, राहायला अवघड. भाड्याच्या जागा मोजक्या, त्यातल्या बऱ्याच आता होमस्टे झाल्यात. मळा सखल आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, मागे फिरतं. पणजीतल्या ‘18 जून’ नावाच्या रस्त्यावरही तेच होतं. शहरात तळमजल्याचं घर बघायला गेलात तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी किती पायऱ्या चढतं. तो खरं सांगतो, दलाल सांगत नाही.

ताळगाव-करंझाळ्यात बारा महिने राहणाऱ्यांची वस्ती आहे आणि ती दिवसभर जागी असते. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा हॉर्न वाजवत येतो, त्याच्याकडे पाव, उंडे, पोळी असे पावाचे प्रकार दारात मिळतात. करंझाळ्याच्या किनाऱ्यावर अजून रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढतात. त्या वेळी पिशवी घेऊन गेलात तर मासळी थेट वाळूवरून घेता येते. मिरामार जवळ, कांपालला कला अकादमी, नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव. पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथे मराठी पुस्तकांचा विभाग चांगला आहे. घरून काम करणाऱ्याला तिथली अभ्यासिका उपयोगी पडेल.

पाटो चार-पाच किलोमीटरवर, कदंब या सरकारी बससेवेच्या विजेवरच्या बसेस आहेत. रात्री मात्र बस विरळ होतात. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत, टॅक्सी महाग पडते. बाजारातून सामान घेऊन परतताना ‘पायलट’ म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी घ्या, पण बसण्याआधी भाडं ठरवा. शेवटी स्वतःची दुचाकी लागेलच. एमएच नंबरची गाडी आणणार असाल तर 12 महिन्यांपेक्षा जास्त राहताना ती गोव्यात पुन्हा नोंदवावी लागते.

एक इशारा: समुद्र दिसणारी बाल्कनी मागू नका. खाऱ्या वाऱ्याने एसीची कॉइल, फ्रिजची मागची जाळी आणि दुचाकीची चेन लवकर गंजते, आणि त्या दृश्याचं भाडं तुमच्या बजेटबाहेर जातं. किनाऱ्यापासून पाच-सात मिनिटं आत घर घ्या.

घर पाहताना माझा भर दोन गोष्टींवर राहील. पहिली पाणी. पणजी आणि आजूबाजूच्या तिसवाडी तालुक्याला पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येतं. वाटेत मोठी जलवाहिनी फुटली की दोन दिवस नळ कोरडे पडू शकतात. म्हणून इमारतीचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, किती लिटरची, टँकर मागवला तर खर्च सोसायटीचा की भाडेकरूचा, हे आधी विचारा. मे महिन्यात पाणी किती वेळ असतं ते वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा.

दुसरी ओल, आणि इथेच नवे भाडेकरू फसतात. घर डिसेंबरात पाहिलं की भिंती ताज्या रंगाने चकचकीत दिसतात. पावसाचा मारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूची भिंत गाठा. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या, वर वीतभर उंचीवर नखाने हलकेच दाबा. रंग फुगून पोकळ वाजला किंवा पांढरी क्षाराची पूड बोटाला लागली, तर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत आतून पाणी ओढतेय आणि रंग फक्त ते झाकतोय. कपाट उघडून मागच्या फळीचा वास घ्या. कुबट असेल तर ऑगस्टात तुमच्या चामड्याच्या वस्तूंना आणि रेशमी साड्यांना बुरशी धरणार हे नक्की. खिडक्यांवर पुढे आलेलं छप्पर आहे का, हेही पाहा. जमलं तर घर जूनअखेर किंवा जुलैत बघा. तेव्हा गळती लपवता येत नाही आणि मालकही भाड्यावर बोलायला तयार असतो.

करार 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असतो. त्यात ‘मालक 11 महिने पूर्ण होण्याआधी जागा खाली करायला सांगणार नाही’ ही ओळ लिहून घ्या. ती नसेल तर ऑक्टोबरची अडचण इथेही येऊ शकते. डिपॉझिट सहसा दोन-तीन महिन्यांचं, दलाली बऱ्याचदा एका महिन्याच्या भाड्याइतकी. वीजबिल मालकाच्या नावावरच राहतं, म्हणून किल्ली घेण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून त्याला पाठवा आणि मागची थकबाकी नाही ना ते बिलावर पाहा. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस स्टेशनात द्यायचाच असतो. मालक टाळाटाळ करत असेल तर ती जागा सोडा.

पहिल्या पावसात वीज वरचेवर जाते, तेव्हा घरून काम करणाऱ्यासाठी इन्व्हर्टरची जोडणी आहे का, आणि कोणाची फायबर केबल इमारतीत प्रत्यक्ष चालू आहे, हे शेजाऱ्यांकडूनच समजून घ्या.

मेरशी-सांताक्रूझला भाडं बहुधा कमी लागेल, पाटो जवळ पडेल, पण किनाऱ्यावर रोज पायी जाणं विसरावं लागेल. वास्को आणखी स्वस्त, श्रावणात दामोदराच्या सप्ताहात तर रात्रभर भजनं चालतात. पण पणजी तिथून तीसेक किलोमीटर आहे आणि बंदराजवळच्या भागात कोळशाची धूळ खिडकीवर बसते. नोकरी चिखली-दाबोळीकडे असेल तरच तिथे बघा.

शोधायला आल्यावर दोन दिवस ताळगावात सकाळी आठ आणि रात्री नऊ अशा दोन्ही वेळी पायी फिरा. पोदेराला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ‘भाड्याने घर आहे का’ एवढंच विचारा. बऱ्याच जागा अशाच तोंडी जातात, पोर्टलवर येतच नाहीत, आणि तिथे दलाली वाचते.