आयव्हीएफनंतरच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचारानंतरच्या) गरोदरपणात सतत काळजी वाटते. त्याचा बाळाच्या तब्येतीवर परिणाम होईल का?

आपण २४व्या आठवड्यात आहात आणि प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप येत नाही, एवढ्यावरून बाळाला अपाय होईल असे मानण्याचे कारण नाही. कोल्हापुरात गरोदर स्त्रियांचे समुपदेशन करताना उपचारांनंतर दिवस राहिलेल्या अनेकजणी मला भेटतात. जुन्या रिपोर्टांची जाडजूड फाइल मांडीवर घट्ट धरून बसलेल्या या स्त्रियांना बाळापेक्षा स्वतःच्या भीतीचीच भीती अधिक वाटत असते, आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ या घरच्यांच्या सांगण्याने ती वाढतेच. ताणात आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढते हे खरे, परंतु वारेतील (प्लासेंटातील) एक विकर (एन्झाइम) त्याचा बराचसा भाग बाळापर्यंत पोहोचण्याआधीच निष्प्रभ करते. तीव्र आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणाचा संबंध मात्र ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीशी आणि बाळाच्या अडीच किलोपेक्षा कमी जन्मवजनाशी आढळला आहे. तो संबंध मर्यादित आहे, आणि आयव्हीएफमध्ये या दोन्ही गोष्टींचे मोठे कारण जुळी गर्भधारणा हे असते. तरीही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलावे. स्वतःला संपवण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर ते ताणामुळे असेल म्हणून थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे.