रत्नागिरीच्या मत्स्यालयातल्या बरण्यांमधले मासे पांढरेफटक का असतात? खरे असतात का?

खरेच असतात, प्लास्टिकचे नव्हेत. रंग द्रवामुळे जातो.

मासा आधी फॉर्मॅलिनमध्ये (फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण) ठेवतात. त्याने मांसातली प्रथिनं घट्ट बांधली जातात आणि कुजणं थांबतं. मोठा मासा असेल तर पोटात सुईने टोचूनही भरावं लागतं, नाहीतर बाहेरून टणक आणि आतून सडका. पुढे बऱ्याच ठिकाणी तो साधारण 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवतात. लाल-पिवळी रंगद्रव्यं अल्कोहोलमध्ये विरघळतात, म्हणून तांबोशी काही काळाने उकडल्यासारखी दिसते. काळा रंग मात्र चिवट. बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे त्यामुळे बऱ्यापैकी टिकतात.

फॉर्मॅलिनचा हा उपयोग 1893 मध्ये फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरने दाखवला. त्याआधी सगळा भार स्पिरिटवर, म्हणजे अल्कोहोलवर. जेलीफिशचं तर त्यात पार मातेरं व्हायचं, म्हणून ब्लाश्का या काचकाम करणाऱ्या बापलेकांनी युरोपातल्या संग्रहालयांसाठी हुबेहूब काचेचे समुद्री जीव बनवले. (फोटो शोधून बघाच, वेड लागेल.)

शंख-शिंपले आणि तारामासे बरणीऐवजी अनेकदा सुकवूनच ठेवलेले दिसतील. फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि त्यांचा चुना खातं.

आणि हो, पुढच्या वेळी माशापेक्षा बरणीवरची चिठ्ठी वाचा. कुठे सापडला आणि कधी, एवढं लिहिलेलं असेल तर अभ्यासकाला रंग गेल्याचं फारसं दुःख नसतं. चिठ्ठीच नसेल तर तो नुसता शोभेचा मासा.