११ बाय १८च्या हॉलसाठी ७.१ घ्यावं, ५.१ घ्यावं की साउंडबार?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: हॉल ११ बाय १८ फूट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, बजेट सत्तर हजार, आणि दुकानदार ७.१च्या मागे लागलाय. यात पहिला आकडा स्पीकरचा आणि टिंबानंतरचा एक सबवूफरचा, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या डब्याचा. ७.१ घेऊ नका. त्यातले ५.१पेक्षा जास्तीचे दोन स्पीकर तुमच्या पाठीमागे लागतात, आणि तुमच्या पाठीमागे भिंत आहे. ते दोन्ही कानाशी येऊन बसतील आणि बाकीचे ऐकूच देणार नाहीत. सोफा पुढे सरकवता येतो का ते आधी बघा. दीड-दोन फूट जरी आला तरी खूप फरक पडतो.

५.१मधल्या सराउंड स्पीकरची जागा कानाच्या बाजूला, किंचित मागे असते. टीव्हीची दिशा शून्य धरली तर ११० ते १२० अंशांवर. कोनमापक नको, सोफ्यावर बसून दोन्ही हात बाजूला पसरा आणि थोडे मागे न्या, बोटं दाखवतील तिथे स्पीकर. उंची कानाच्या थोडी वर. आता खरी अडचण. आपल्या फ्लॅटमध्ये एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार असतं आणि दुसऱ्या बाजूला किचनकडे जाणारा पॅसेज, म्हणजे स्पीकर लावायला भिंतच नाही. मग स्टँड घ्या, नाहीतर मागच्या भिंतीवर दोन्ही टोकांना ब्रॅकेट मारून त्यांची तोंडं एकमेकांकडे वळवा.

माझं पहिलं होम थिएटर खोक्यातलं होतं, डीव्हीडी प्लेअरसकट सगळं एकत्र. वायर पुरेना म्हणून मी पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये ओळीने मांडले होते. (हसू नका, निम्म्या घरांत अजून तसेच असतात.) बाबांची तक्रार ठरलेली: बोललेलं कळत नाही आणि गाणं लागलं की घर हादरतं. मी आवाज वाढवायचो, मग पुन्हा कमी करायचो, रिमोट हातातून सुटायचा नाही. कारण नंतर कळलं. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, आणि त्या संचातला सेंटर जेमतेम साबणाच्या डबीएवढा होता, तोही शोकेसच्या आत खोल ढकललेला.

म्हणून माझं मत असं, आणि दुकानदाराला ते आवडणार नाही: आत्ता ३.१ घ्या. ५.१चा एव्ही रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा), पुढचे तीन स्पीकर आणि सबवूफर. पैसे सेंटरवर वाचवू नका. पुढचे तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले असू द्यात, नाहीतर माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेला की त्याचा आवाजच बदलतो. सेंटर फळीच्या अगदी कडेला आणा आणि कानाच्या रोखाने थोडा तिरका करा. सराउंडचे दोन सहा महिन्यांनी घेतले तरी चालेल, पण रंगकाम होणार असेल तर त्यांच्यासाठी भिंतीतून पाइप आत्ताच टाकून घ्या. नंतर वायर झाकायला भिंतीवर पट्ट्या मारत बसावं लागतं.

वॅटचा आकडा बघून भुलू नका. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो सोडून द्या. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद विचारा, आणि तो एकाच चॅनेलवर मोजलाय की सगळे चालू असताना, तेही विचारा.

अ‍ॅटमॉसबद्दल, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येतोय असा भास देणाऱ्या तंत्राबद्दल. छताकडे आवाज फेकणारे स्पीकर सपाट, कडक छतावरून तो परत खाली आणतात. तुमच्याकडे पीओपीच्या पायऱ्या, खोबणीतले दिवे आणि मधे पंखा असेल तर त्यावर पैसे घालू नका. आणि जोडणी एचडीएमआयनेच करा, टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टला (टीव्हीचा आवाज त्यातूनच रिसीव्हरकडे परत जातो). ऑप्टिकल वायरीतून अ‍ॅटमॉस जात नाही. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस साध्या एआरसीतूनही बहुतेकदा जातं. टीव्ही जुना असला तरी त्यासाठी लगेच बदलू नका.

आता खोली. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा शेपटीसारखा आवाज मागे राहिला, तर व्हिट्रिफाइड टाइल्स आणि उघड्या भिंती तुमचे निम्मे पैसे खाणार. सोफ्यापुढे जाड गालिचा किंवा सतरंजी, काचेच्या दारावर जाड पडदा, एवढ्याने संवाद लगेच स्वच्छ होतात. बेसचं गणित मात्र वेगळं असतं, पडद्याने तो हलत नाही. ११ फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५१ हर्ट्झचा आवाज घुमतो. भिंतीजवळ तो छातीत बसतो, मधोमध जवळजवळ गायब. त्यावर उपाय विचित्र आहे पण लागू पडतो: सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसवालं एखादं गाणं लावा आणि हॉलभर रांगत फिरा. जिथे बेस घट्ट आणि एकसारखा वाटेल तिथे सबवूफर मांडा. घरचे फोटो काढतील, काढू द्या. मग रिसीव्हरसोबत आलेला माइक कानाच्या उंचीवर ठेवून ऑटो सेटिंग चालवा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झच्या आसपास आहे का ते तपासा.

भाड्याचं घर असेल, किंवा भिंतीला भोक पाडलेलं घरात चालणार नसेल, तर साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची एकच लांब स्पीकरपट्टी) घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त वेगळा सबवूफर आणि मागचे वायरलेस स्पीकर असलेला बघा. भिंतींवरून आवाज उसळवून सराउंडचा भास करणारा बार पॅसेजच्या बाजूला फसतो, कारण उसळायला भिंतच नसते. आणि वायरलेस म्हटलं तरी त्या मागच्या स्पीकरना प्लग लागतोच, तेव्हा सोफ्याजवळ पॉइंट आहे का ते बघून ठेवा.

खाली कोण राहतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. बेस स्लॅबमधून उतरतो, म्हणून सबवूफरखाली जाड फोम किंवा रबराचं पॅड घाला आणि रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा. त्यात स्फोट दबतात, कुजबुज वर येते. आमच्या खालच्या काकूंनी पॅड घातल्यापासून फोन केलेला नाही.